आकाशमार्गाचे कायदे आणि उतारूंचे हक्क

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या व्याख्यानाचा विषय निवडण्याचे काम कार्यकारी मंडळाने आमच्यावरच सोपविले. विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाच्या प्रसंगी एका जुन्या शिक्षकाने शिक्षणावर बोलावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक होते. तो विषय बाजूस ठेवून आम्ही विमानाच्या कायद्याकडे वळलो, ह्याचे कारण आपल्या संस्थेच्या कुटुंबसूचीतच सापडेल. ती सूची चाळावी तो घराघरांतून कोणी दुबईस, कोणी लंडनला, कोणी अमेरिकेत असल्याची नोंद आढळते. मुलगा व सून तिकडे, आणि नातवाच्या बारशाला निघालेले आजी-आजोबा इकडे, असा हा संसार दोन खंडांत मांडला गेला आहे. त्याला जोडणारा दुवा म्हणजे विमान. परंतु ज्या मार्गाने आपण आपली माणसे पाठवितो, त्या मार्गाचे नियम कोणी केले, ते कोण पाळवितो आणि काही विपरीत घडल्यास आपला हक्क कोणता, हे आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असते. आम्ही वकील नव्हे. मॅट्रिक होऊन सारे आयुष्य शाळेत घालविलेले शिक्षक आहोत. अवघड धडा सोपा करून सांगणे हाच आमचा व्यवसाय, आणि आजही तेवढेच करावयाचे आहे.

प्रथम प्रश्न असा की, आकाश कोणाचे? समुद्राच्या बाबतीत किनाऱ्यापासून ठराविक अंतर सोडले की पुढील पाणी सर्वांना मोकळे, हा संकेत जुना आहे. आकाशही तसेच मोकळे असावे, असे विसाव्या शतकाच्या आरंभी काही विद्वान म्हणत असत. त्या काळी विमान ही केवळ कौतुकाची वस्तू होती. आपल्याच देशात १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके ह्या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडील नैनीपर्यंत सहा हजारांवर पत्रे विमानातून नेली. जगातील पहिली अधिकृत हवाई टपाल ती हीच. पण पुढे तीनच वर्षांनी महायुद्ध पेटले, ज्या यंत्राने पत्रे नेली त्याच जातीच्या यंत्रातून बाँब पडू लागले, आणि मोकळ्या आकाशाची कल्पना मागे पडली. १३ ऑक्टोबर १९१९ रोजी पॅरिस येथे झालेल्या कराराने असे ठरले की, प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण सार्वभौमत्व आहे. म्हणजे डोळ्यांना दिसत नसल्या तरी आकाशातही सरहद्दी आहेत, आणि त्या ओलांडण्यास परवानगी लागते.

आजच्या सर्व व्यवस्थेचा पाया मात्र शिकागो येथे घातला गेला. दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १ नोव्हेंबर १९४४ रोजी, त्या शहरी चोपन्न राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले. विमाने व वैमानिक विपुल असलेल्या अमेरिकेस मोकळी स्पर्धा हवी होती. युद्धाने थकलेल्या इंग्लंडला मार्ग आणि फेऱ्या वाटून देणारी अधिकारी संस्था हवी होती. व्यापाराच्या ह्या प्रश्नावर एकमत झाले नाही आणि मार्गांचे करार दोन-दोन राष्ट्रांनी आपसांत करावेत अशी रीत पुढे रूढ झाली. परंतु सुरक्षिततेच्या व सोयीच्या प्रश्नावर सर्वांचे जमले. ७ डिसेंबर १९४४ रोजी बावन्न राष्ट्रांनी करारावर सह्या केल्या. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व सर गिरिजाशंकर बाजपेयी ह्यांच्याकडे होते. हिंदुस्थानने १ मार्च १९४७ रोजी कराराला मान्यता दिली आणि ४ एप्रिल १९४७ रोजी तो अमलात आला. ध्यानात घ्यावे की, आपण स्वतंत्र होण्यापूर्वीच ह्या व्यवस्थेचे सभासद झालो होतो.

ह्या करारातील दोन-तीन कलमे मुलांनाही समजण्यासारखी आहेत. पहिले कलम पॅरिसचाच सिद्धांत सांगते. सहावे कलम म्हणते की, नियमित वेळापत्रकाची आंतरराष्ट्रीय विमानसेवा संबंधित राष्ट्राच्या परवानगीवाचून त्याच्या आकाशातून जाऊ शकत नाही. सतरावे कलम विमानाला राष्ट्रीयत्व देते: जेथे त्याची नोंदणी, त्या देशाचे ते विमान. आपल्या देशातील विमानांच्या अंगावर ‘व्हीटी’ ही अक्षरे असतात, ती ह्याच नोंदणीची खूण होय.

करार पाळला जावा म्हणून स्थापन झालेल्या संस्थेचे नाव आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटना. ‘इकाओ’ ह्या आद्याक्षरी नावाने ती ओळखली जाते. तिची कचेरी कॅनडातील माँट्रियल शहरी असून आज १९३ राष्ट्रे तिची सभासद आहेत. मूळ कराराला एकोणीस परिशिष्टे आहेत. वैमानिकाचा परवाना, नकाशे, हवामानाची वार्ता, विमानतळ, अपघाताची चौकशी, सामानाची तपासणी, असा प्रत्येक विषय त्यांत तपशीलवार आला आहे. एखाद्या राष्ट्राला एखादा नियम पाळणे शक्य नसेल, तर आपण कोठे निराळे वागतो हे त्याने संघटनेस कळवावे लागते. ‘आयाटा’ हे नावही आपल्या कानावर येते, तेव्हा दोहोंमधला भेद सांगितला पाहिजे. इकाओ ही सरकारांची संघटना आहे. एप्रिल १९४५ मध्ये क्यूबातील हवाना येथे स्थापन झालेली आयाटा ही विमान कंपन्यांची संघटना आहे. १९३२ साली कराचीहून मुंबईच्या जुहूपर्यंत टपालाचे विमान स्वतः चालवीत आणणारे जे. आर. डी. टाटा १९५८-५९ मध्ये तिचे अध्यक्ष होते.

कोणी विचारील की, इकाओपाशी ना पोलीस, ना तुरुंग; मग तिचे ऐकतो कोण? ह्या शंकेचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. काबूलकडे जाणाऱ्या आपल्या विमानांची वाट पाकिस्तानने अडविली, तेव्हा १९५२ साली भारताने इकाओच्या परिषदेकडे गाऱ्हाणे नेले. असे गाऱ्हाणे नेणारे भारत हे पहिलेच राष्ट्र होते. ते प्रकरण पुढे वाटाघाटींनी मिटले. दुसऱ्या वेळी बाजू उलटली. ३० जानेवारी १९७१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे विमान पळवून लाहोरला नेण्यात आले व उतारू सुटल्यावर ते तेथे नष्ट करण्यात आले. त्यावर भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. पाकिस्तान इकाओच्या परिषदेकडे गेले. ह्या तक्रारीचा विचार करण्याचा अधिकारच परिषदेस नाही, असे भारताचे म्हणणे होते, आणि ते घेऊन आपण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलो. आपली बाजू मुंबईचे प्रख्यात कायदेपंडित नानी पालखीवाला ह्यांनी मांडली. १८ ऑगस्ट १९७२ रोजी निकाल लागला तो आपल्या विरुद्ध. परिषदेला अधिकार आहे असे न्यायालयाने ठरविले. तात्पर्य, दोन शेजाऱ्यांत हाडवैर असतानाही दोघांनी एकाच करारातील कलमांवर बोट ठेवून वाद केला. जेथे भांडणाला न्यायासन सापडते, तेथे कायद्याची थोडीतरी सत्ता आहे असे आम्ही समजतो. ही सत्ता मर्यादित आहे, हेही खरे. २०२५ च्या एप्रिलमध्ये ह्याच दोन देशांनी पुन्हा एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केले, आणि दिल्लीहून पश्चिमेकडे निघालेल्या भारतीय उतारूंना तासन् तास लांबचा वळसा पडला.

आता सुरक्षिततेकडे वळू. विमानाचे बहुतेक नियम कोणाच्या तरी मरणानंतर झालेले आहेत, ही गोष्ट कटू असली तरी सत्य आहे. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत आकाशात शिरलेले कोरियन विमान लढाऊ विमानाने पाडले व २६९ माणसे मृत्यू पावली. त्यानंतर १९८४ साली शिकागो करारात नवे कलम घालून, उड्डाणात असलेल्या नागरी विमानावर शस्त्र चालवू नये असे स्पष्ट लिहिण्यात आले. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळ समुद्रावर बाँबस्फोटाने फुटले आणि ३२९ जीव गेले. बाँबची पेटी विमानात चढली होती, तिचा धनी मात्र चढला नव्हता. आज उतारू विमानात चढला नाही तर त्याची पेटी शोधून खाली काढतात आणि त्यापायी विमानास उशीर होतो. तेव्हा कुरकुर करण्यापूर्वी ह्या ३२९ जणांचे स्मरण करावे.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिल्लीजवळ चरखी दादरी येथे सौदी व कझाक विमानांची आकाशात टक्कर होऊन ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. कझाक विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली उतरले होते. त्यातील चालकांचे इंग्रजीचे ज्ञान तोकडे असल्याचा प्रश्नही त्या वेळी ऐरणीवर आला. पुढे इकाओने आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या वैमानिकांसाठी आणि त्यांना मार्ग दाखविणाऱ्या नियंत्रकांसाठी भाषेच्या परीक्षेच्या सहा पायऱ्या ठरविल्या व चौथी पायरी आवश्यक केली. भाषेचा तास कंटाळवाणा म्हणून टाळणाऱ्या आमच्या विद्यार्थीमित्रांना आम्ही हे मुद्दाम सांगतो. एक शब्द न कळल्याने काय होऊ शकते, ते ह्यावरून दिसेल.

विमान पळविणाऱ्या गुन्हेगाराला शिक्षा कोणत्या देशाने करावी, ह्याबद्दलही करार आहेत. १९६३ चा टोकियोचा, १९७० चा हेगचा आणि १९७१ चा माँट्रियलचा, असे ते क्रमाने झाले. हेगच्या कराराचे सार असे की, अपहरणकर्ता ज्या देशात सापडेल, त्याने एक तर त्याला संबंधित राष्ट्राच्या हवाली करावे, नाही तर स्वतः त्याच्यावर खटला भरावा. आसरा देऊ नये. असे असूनही डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीस निघालेले आपले विमान कंदाहारला नेण्यात आले व तेथील राजवटीने गुन्हेगारांना वाट दिली, हे आपण सर्वांनी पाहिले. कराराचा कागद कितीही चांगला असो, तो पाळणारे सरकार लागते.

येथवर राष्ट्रांच्या कर्तव्यांची कथा झाली. आता आपल्या घराशी निगडित असलेला भाग घेऊ. एखाद्या कुटुंबाचा कर्ता पुरुष वा कर्ती स्त्री विमान अपघातात गेल्यास त्या कुटुंबाला भरपाई काय व कोणत्या आधारावर मिळते?

ह्याविषयीचा पहिला करार १२ ऑक्टोबर १९२९ रोजी वॉर्सा येथे झाला. विमानाचा धंदा तेव्हा बाल्यावस्थेत होता, एका अपघाताने कंपनी बुडण्याचे भय होते. म्हणून असे ठरले की, कंपनीचा दोष वारसांनी सिद्ध करावयाची गरज नाही, परंतु भरपाई एका उतारूमागे १,२५,००० सुवर्ण फ्रँकांहून अधिक मिळणार नाही. त्या वेळच्या हिशेबाने ही रक्कम सुमारे ८,३०० डॉलर होते. १९५५ साली हेग येथे ही मर्यादा दुप्पट करण्यात आली. वॉर्सा कराराला आपल्याकडे १९३४ च्या कायद्याने आणि हेगच्या दुरुस्तीला १९७२ च्या कायद्याने स्थान मिळाले. धंदा मोठा झाला, कंपन्या श्रीमंत झाल्या, पण मनुष्याच्या जिवाची ही जुनी किंमत दीर्घकाळ कायद्यात तशीच राहिली.

अखेर २८ मे १९९९ रोजी माँट्रियल येथे नवा करार झाला. त्याने भरपाईच्या दोन पायऱ्या केल्या. पहिल्या पायरीपर्यंत, कंपनीचा दोष असो वा नसो, सिद्ध झालेले नुकसान तिने भरून द्यावे. त्यावरील रकमेला वरची मर्यादा नाही. मात्र अपघात आपल्या हयगयीने झाला नाही, किंवा तो सर्वस्वी दुसऱ्याच्याच हयगयीने झाला, असे कंपनीने सिद्ध केल्यास ती त्या भागातून सुटते. सिद्ध करण्याचा भार कंपनीवर आहे, वारसांवर नाही, हा मोठा फरक होय. ही पहिली पायरी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या ‘एसडीआर’ ह्या हिशेबी चलनात मोजतात. आरंभी ती एक लाख एसडीआर होती. महागाईप्रमाणे वाढत २८ डिसेंबर २०२४ पासून ती १,५१,८८० झाली आहे. रुपयांत ही रक्कम दीड कोटीच्या वर जाते.

हा करार १९९९ साली झाला, पण भारत त्यात सामील झाला तो दहा वर्षांनी. ३० जून २००९ रोजी तो आपल्या देशास लागू झाला. त्यास पुरते अकरा महिनेही झाले नव्हते, तोच २२ मे २०१० रोजी दुबईहून येणारे एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. १६६ जणांपैकी १५८ गेले, आठ वाचले. जाणारे बहुतेक आखाती देशांत नोकरी करून घर चालविणारे लोक आणि त्यांची मुलेबाळे होती. हाच अपघात एक वर्ष आधी घडता, तर सामान्यतः १९५५ च्या हेगच्या मर्यादेची भिंत त्या कुटुंबांच्या आड आली असती. सरकारी दप्तरात एका मान्यतेला दहा वर्षे लागली, तर तो विलंब शेवटी कोणाच्या माथी पडू शकतो, हे ह्यावरून कळावे.

नवा करार मिळूनही सारे सोपे झाले असे नव्हे. पहिल्या पायरीची रक्कम प्रत्येकाला किमान म्हणून मिळावी की प्रत्यक्ष नुकसान सिद्ध करावे, असा प्रश्न केरळ उच्च न्यायालयात निघाला. २०११ साली एका न्यायमूर्तींनी किमान ७५ लाख रुपये द्यावेत असे म्हटले. खंडपीठाने ते मत मान्य केले नाही. म्हणून आम्ही सांगतो की, ही रक्कम आपोआप हाती पडणारी नाही. मृताची मिळकत, वय आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे ह्यांचे पुरावे मांडावे लागतात. ज्यांनी ते चिकाटीने मांडले, त्यांना फळ मिळाले. ह्याच अपघातात गेलेल्या, दुबईस अधिकारपदावर असलेल्या एका उतारूच्या कुटुंबास सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये साडेसात कोटी रुपयांहून अधिक भरपाई व्याजासह देवविली. दहा वर्षे ते कुटुंब झगडत होते.

१२ जून २०२५ चा अहमदाबादचा अपघात तर आपल्या सर्वांच्या स्मरणात ताजा आहे. लंडनला निघालेल्या विमानातील २४२ पैकी एकच उतारू वाचला. जमिनीवरील १९ जणही गेले. इकाओच्या तेराव्या परिशिष्टाच्या अपेक्षेप्रमाणे चौकशीचा प्राथमिक अहवाल महिन्याभरात, १२ जुलै रोजी, प्रसिद्ध झाला. ही चौकशी पुन्हा अपघात होऊ नये म्हणून असते, कोणास दोषी ठरविण्यासाठी नसते, हे परिशिष्टातच लिहिले आहे. त्याचप्रमाणे, जमिनीवर मृत्यू पावलेल्यांना उतारूंचा माँट्रियल करार लागू होत नाही. त्यांच्या वारसांना देशाच्या सामान्य कायद्याकडे वळावे लागते.

ह्या सर्वांतून घरी नेण्यासारख्या काही गोष्टी क्रमाने सांगतो. पहिली, दाव्याची मुदत. विमान पोहोचले किंवा पोहोचावयास हवे होते त्या दिवसापासून दोन वर्षांच्या आत दावा लावला पाहिजे. त्यानंतर हक्क उरत नाही. शोकात दोन वर्षे सहज निघून जातात, म्हणून आप्तेष्टांपैकी कोणीतरी एकाने ह्या तारखेवर लक्ष ठेवावे. दुसरी, न्यायालय. मृत्यू किंवा इजा झाल्यास, काही अटींवर, उतारू जेथे कायमचा राहत होता त्या देशातही दावा लावता येतो. तिसरी, तातडीची मदत. अपघातानंतर दिली जाणारी अशी रक्कम पुढील भरपाईतून वळती होते. ती स्वीकारण्यात कमीपणा नाही. परंतु ‘संपूर्ण व अंतिम’ असे शब्द असलेल्या कागदावर जाणत्या वकिलास दाखविल्यावाचून सही करू नये. चौथी, सामान. पेटी मोडली तर ताब्यात घेतल्यापासून सात दिवसांत, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी तक्रार करावी. विमानतळ सोडण्यापूर्वीच तोंडी न सांगता नोंद करवून कागद घ्यावा. सामानाची चिठ्ठी व बोर्डिंग पास घरी येताच टाकून देऊ नयेत. सामानाच्या भरपाईला मर्यादा आहे, तेव्हा आजीचे दागिने किंवा जमिनीचे कागद पेटीत घालून ती कंपनीच्या हवाली करणे शहाणपणाचे नव्हे.

शेवटी संस्थेस एक विनंती. आपल्या कचेरीत आपण वधूवरांची सूची ठेवितो, शिष्यवृत्तीचे अर्ज ठेवितो. त्याच कपाटात ह्या नियमांचे एक सुबोध मराठी टिपण ठेवावे आणि परदेशी निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबास त्याची प्रत द्यावी. आपल्या ज्ञातीत वकिली करणारे तरुण-तरुणी आहेत. त्यांपैकी दोघा-तिघांनी प्रसंगी विनामूल्य सल्ला देण्याचे मनावर घेतल्यास फार मोठे काम होईल. सुखाच्या प्रवासाला निघालेल्यांपुढे अपघाताचा विषय काढणे अशुभ, असे काहींना वाटेल. परंतु आयुर्विम्याचा हप्ता भरणारा मनुष्य मरणाची वाट पाहत नसतो, मागे राहणाऱ्यांची तजवीज करीत असतो. तीच बुद्धी येथेही असावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आपल्या घरची सर्व माणसे सुखरूप जावोत, सुखरूप परत येवोत, आणि ह्या टिपणाचा उपयोग करण्याची वेळ कोणावरही न येवो.